आवाज कोठें तुटतो?

डोळा क्षमाशील आहे, कान तसा नाहीं. छापील पानावरचें एखादें अक्षर उडालेलें असलें, तर डोळा तें पदरचें घालून पुढें जातो, आणि आपण कांहीं पदरचें घातलें याची त्याला पुष्कळदां वार्ताहि नसते. परंतु चाललेला सूर क्षणाच्या अंशापुरता जरी तुटला, तरी कान तत्काळ तक्रार करतो. एकसारख्या चाललेल्या आवाजांत दोन-तीन सहस्रांश सेकंदांची फट पाडली, तर तीहि निकोप कानाला ओळखतां येते, असें ध्वनिशास्त्रज्ञांनीं प्रयोगान्तीं ठरविलें आहे. कानाच्या या कडक शिस्तीमुळें ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांचा इतिहास हा एका अर्थीं आवाज तुटूं न देण्याच्या खटपटीचा इतिहास झाला आहे. या इतिहासाकडे आमचें लक्ष गेलें तें विद्वत्तेच्या हौसेनें गेलें असें म्हणण्याचा मोह होतो. पण खरें सांगावयाचें तर त्याला एक घरगुती अडचण कारण झाली.

इ. स. १९८६ च्या दिवाळींत आमच्या मामांनीं आमच्या मातोश्रींकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या आणि त्या एका कॅसेटवर मुद्रित करून ठेवल्या. मातोश्रींना जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. कॅसेट कपाटांत पडून होती. तिच्यावर बुरशी चढूं लागली तेव्हां गेल्या वर्षीं एका जाणकाराकडून त्या ओव्या आम्हीं संगणकासाठीं फाईलींत उतरवून घेतल्या. मधल्या रिकाम्या जागा छाटून ध्वनि साफ करून देऊं काय, असें त्यानें विचारलें होतें. आम्हीं नको म्हटलें. उतरवून झाल्यावर फीत उलट गुंडाळीत असतां ती दोन ठिकाणीं तुटली. म्हणजे आज त्या ओव्यांचें साधन काय तें ती एक फाईल. ती आम्हीं घरच्या संगणकावर मोठ्या उत्सुकतेनें लावली, आणि दुसऱ्याच ओवीच्या मध्यें आवाज तुटला. कोठें अर्धें अक्षर गळालें, कोठें कट्‌ असा आवाज होऊन सूर पुढें गेला, कोठें एकच स्वर तोतऱ्यासारखा तीन-चार वेळां आदळला. वीस मिनिटांत असें नऊ वेळां झालें. घरांतील मंडळींपैकीं कोणी म्हणालें, संगणक जुना झाला. कोणी म्हणालें, फाईलच बिघडलेली आहे. आमच्या मनांत मात्र एकच प्रश्न घोळूं लागला. आवाज तुटतो तो कोठें? जतन करून ठेवलेल्या त्या ओव्यांत, कीं त्या वाचून दाखविणाऱ्या यंत्रांत? पहिली गोष्ट खरी असेल तर तिला उपाय नाहीं. दुसरी असेल तर आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाहीं. जुन्या मोडी कागदांचा गठ्ठा सोडून बसलें कीं ठिकठिकाणीं अर्थ तुटतो. कांहीं वेळां तो कसरीनें कागद खाल्ल्यामुळें तुटतो, आणि कांहीं वेळां लिहिणाराचें वळण वाचणाराला न समजल्यामुळें. नवशिका वाचक आपल्या अज्ञानाचें खापर कागदावर फोडतो. फाजील हुशार वाचक कागदावरचें भोंक आपल्या कल्पनेनें बुजवून टाकतो. दोन्ही चुका सारख्याच घातक. त्यांवरची कसोटी साधी आहे. तोच कागद पुन्हां वाचावा, दुसऱ्या दिवशीं वाचावा, दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा. भोंक असेल तें प्रत्येक वेळीं त्याच जागीं राहील. वाचकाची चूक असेल ती आपली जागा बदलील. हीच कसोटी ध्वनीलाहि लागूं पडते. मात्र ती लावण्यापूर्वीं येथें कागद कोणता व वाचक कोणता हें ओळखलें पाहिजे, आणि तें ओळखण्यास यंत्रांचा इतिहास उपयोगीं पडतो. कारण गेल्या दीडशें वर्षांत या दोहोंमधील अंतर सारखें बदलत आलें आहे.

टॉमस एडिसन यानें इ. स. १८७७ च्या अखेरीस आपला फोनोग्राफ तयार केला, तेव्हां कागद व वाचक एकमेकांना अक्षरशः चिकटून होते. नळकांड्यावर गुंडाळलेल्या कथिलाच्या पातळ पत्र्यावर सुईनें आवाजाच्या कंपांच्या खुणा उमटवावयाच्या, आणि मग सुई पुन्हां त्याच खुणांवरून फिरवून आवाज काढावयाचा, अशी ती रचना. पत्रा इतका नाजूक कीं चार वेळां वाजवला कीं खुणा पुसट होत. वाचक कागदाला वाचतां वाचतां खात असे. एमिल बर्लिनर यानें इ. स. १८८७ सालीं ग्रामोफोनचें पेटंट घेतलें आणि पुढें सपाट तबकडी रूढ झाली. तरी पोलादी सुई आणि लाखेची तबकडी यांचें घर्षण चालूच राहिलें, आणि प्रत्येक वादनागणिक दोन्ही थोडथोडी झिजत राहिली. तबकडीला चरा पडला कीं सुई त्याच वर्तुळांत अडके आणि गवई एकाच तानेवर फिरूं लागे. तेंच तेंच बोलणाऱ्या मनुष्याला आजहि आपण ‘याची सुई अडकली’ असें म्हणतों. तबकड्या गेल्या, वाक्प्रचार राहिला.

त्या काळीं आवाजाचें एक तुटणें असें होतें कीं तें कोणालाच दोष वाटत नसे. मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी सुमारें तीन मिनिटांत संपे. इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहर जान यांचें गाणें मुद्रित केलें. गाण्याच्या शेवटीं बाई आपलें नांव इंग्रजींत पुकारीत. मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनींत हानोव्हर येथें जात; गाणें कोणाचें हें तेथल्या कारागिरांना कळावें म्हणून ही पुकार, असें सांगतात. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसविण्याची नवी विद्या तेव्हांपासून आपल्या गवयांना शिकावी लागली, आणि ती कित्येकांनीं इतकी आत्मसात केली कीं अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकतांना कांहीं अपुरें राहिलें असें कोणास वाटत नाहीं. तबकडी उलटावयाची, सुई बदलावयाची, चावी द्यावयाची, ही सारी विश्रांति मैफलीचाच भाग होऊन बसली होती. चावी उतरली कीं फेरे मंद होत आणि गाणाराचा सूर खालीं घसरत जाई; घरांतील लहान मुलालाहि अशा वेळीं गवयाचा गळा बसला असें वाटत नसे. दोष यंत्राचा आहे, गाण्याचा नाहीं, हें डोळ्यांना दिसत होतें.

पुढें चुंबकीय फीत आली. फ्रिट्‌झ फ्लॉयमर यानें इ. स. १९२८ सालीं लोहकण बसविलेली कागदी फीत काढली, इ. स. १९३५ त बर्लिनच्या प्रदर्शनांत मॅग्नेटोफोन नांवाचें यंत्र मांडलें गेलें, आणि इ. स. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें लहानशी कॅसेट आणली. ती सेकंदाला अवघी ४·७६ सेंटिमीटर सरकते. एवढ्याशा लांबीवर आवाजाचें सारें बारीक काम कोरलेलें असल्यामुळें फितीला सुरकुती पडली, कोठें लोहकणांचा थर खरवडला गेला, किंवा चक्र जरा अडखळलें, तरी आवाज बुडतो किंवा हेलकावे खातो. फितीचा आणखी एक गुण येथें सांगून ठेवतों. त्याचा पुढें आम्हांला उपयोग होणार आहे. फितीवरील असंख्य लोहकण पूर्णपणें एकसारखे कधींच मांडले जात नाहींत; त्यामुळें कोणी बोलत असो वा नसो, फीत चालूं असेपर्यंत तिची स्वतःची एक मंद सळसळ ऐकूं येत राहते. जुन्या कॅसेटवर खरी शांतता अशी नसतेच.

येथपर्यंतच्या सर्व यंत्रांत आवाज म्हणजे एक आकृति होती, मग ती चरांत कोरलेली असो वा चुंबकाची असो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एक निराळाच विचार पुढें आला. हॅरी नायक्विस्ट यानें इ. स. १९२८ त आणि क्लॉड शॅनन यानें इ. स. १९४८-४९ च्या सुमारास जें गणित मांडलें त्याचें तात्पर्य असें कीं, आवाजाच्या लाटेची उंची पुरेशा जलद गतीनें मोजत गेलें, तर त्या मोजमापांवरून मूळची लाट पुन्हां उभी करतां येते. मधल्या काळांत, इ. स. १९३८ सालीं, ॲलेक रीव्ह्‌ज या इंग्रज यंत्रज्ञानें आवाज आंकड्यांच्या रूपानें पाठविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें होतें. आवाज आंकडे झाला म्हणजे कागद व वाचक यांची फारकत झाली. आंकडा हजार वेळां वाचला तरी झिजत नाहीं, आणि हजार वेळां उतरवला तरी तोच राहतो. मात्र आंकडे मुके असतात. त्यांचा आवाज व्हावयाचा तर प्रत्येक आंकडा ठरल्या क्षणीं ध्वनिक्षेपकापर्यंत पोंचला पाहिजे. जुन्या यंत्रांचा शत्रु झीज हा होता. नव्या यंत्रांचा शत्रु उशीर हा झाला.

संगणकाच्या संगीताचें जें सर्वांत जुनें ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे, त्यांतच आवाज तुटलेला आहे, ही गोष्ट आम्हांला मोठी मार्मिक वाटते. मँचेस्टर येथील फेरांटी मार्क १ हें यंत्र एका भल्या मोठ्या खोलींत मावेल एवढें. आंत काय चाललें आहे हें चालकाला कळावें म्हणून त्याला एक ध्वनिक्षेपक जोडलेला होता, आणि त्यांतून निरनिराळे स्वर कसे काढावे हें ॲलन ट्युरिंग यानें आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेंत सांगितलें होतें. क्रिस्टोफर स्ट्रेची यानें त्यावरून यंत्राकडून गीतें वाजवून घेतलीं, आणि इ. स. १९५१ सालीं बी. बी. सी. नें तीं मुद्रित केलीं. तिसरें गीत चालूं असतां यंत्र मधेंच थांबलें. जमलेली मंडळी हंसली, यंत्र पुन्हां सुरू केलें, आणि तें पुन्हां अडखळलें. तो हंशासकटचा प्रसंग तबकडीवर कायमचा राहिला आहे.

त्या तबकडीची पुढची हकीकत इतिहासाच्या विद्यार्थ्यानें मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखी आहे. इ. स. २०१६ सालीं न्यूझीलंडमधील जॅक कोपलँड व जेसन लाँग या दोन संशोधकांनीं ती बारकाईनें तपासली, तेव्हां तिच्यांतील कांहीं स्वर फेरांटी यंत्राला काढतांच येण्यासारखे नव्हते, असें त्यांना आढळलें. यावरून मुद्रण करतांना तबकडीची गति चुकली होती हें सिद्ध झालें, आणि यंत्राला कोणते स्वर शक्य होते याच्या गणितावरून त्यांनीं खरी गति शोधून काढली. गति सुधारली, यंत्राचें अडखळणें मात्र त्यांनीं तसेंच राहूं दिलें. स्वरांचा दोष वाचकाकडचा होता, तो दूर झाला. अडखळणें हा घडलेला इतिहास होता, तो राहिला. आमच्या दृष्टीनें या साऱ्या विषयांतील हा सर्वांत मोठा धडा होय.

उशिरावरचा उपायहि त्याच दशकांत सांपडला. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मॅक्स मॅथ्यूज यानें इ. स. १९५७ सालीं आय. बी. एम. ७०४ या संगणकाकडून अवघें १७ सेकंदांचें संगीत तयार करविलें. यंत्राला आंकडे काढण्यास लागणारा वेळ संगीताच्या वेळाहून पुष्कळ अधिक होता. तेव्हां सर्व आंकडे आधीं चुंबकीय फितीवर साठवून घेतले आणि मग ते एकसारख्या गतीनें वाजविले. उगम थांबत थांबत वाहत असला, तरी मध्यें सांठा केला म्हणजे तोटी अखंड चालते. पुणेकरांना ही युक्ति समजावून सांगावी लागूं नये. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी बंदिस्त नळानें शहरांत आणलें, तेव्हां ठिकठिकाणीं हौद बांधले ते याचसाठीं. संगणकाच्या परिभाषेंत ज्याला बफर म्हणतात तो हा हौदच होय.

इ. स. १९८२ च्या ऑक्टोबरांत सोनी व फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क जपानांत विक्रीस आली. तिच्यावर प्रत्येक सेकंदाला, प्रत्येक कानासाठीं, ४४,१०० मोजमापें असतात. दोन्ही कानांचें मिळून एका सेकंदाला १,७६,४०० बाइट, आणि मिनिटाला एक कोटीहून अधिक. एवढ्या आंकड्यांतले कांहीं वाचतांना चुकणारच. त्यासाठीं अर्व्हिंग रीड व गुस्ताव सॉलोमन यांनीं इ. स. १९६० त शोधलेलें गणित वापरून आंकड्यांबरोबर त्यांची पडताळणीहि लिहून ठेवलेली असते, आणि शेजारशेजारचे आंकडे मुद्दाम दूर दूर विखुरलेले असतात. त्यामुळें चकतीवर सुमारें अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा पडला, तरी गळालेले आंकडे जसेच्या तसे परत मिळवितां येतात. इतक्या बंदोबस्तामुळें लोकांना असें वाटूं लागलें कीं, आंकड्यांचा आवाज कधीं तुटतच नाहीं. पण चकतीचें यंत्र एककल्ली असतें. चकती वाचणें याखेरीज त्याला दुसरें काम नाहीं. घरचा संगणक तसा नाहीं, आणि आमच्या अडचणीचें मूळ त्यांत आहे.

संगणक हा एका मोठ्या वाड्यांतील कारकुनासारखा आहे. त्याला पत्रें लिहावयाचीं असतात, चित्रें दाखवावयाचीं असतात, बाहेरून आलेला टपाल घ्यावयाचा असतो, चोरचिलटांवर नजर ठेवावयाची असते, आणि या सर्वांबरोबर गाण्याचा हौदहि भरावयाचा असतो. आतां एका संगणकांत असे चार-आठ कारकून असतात, तरी कामांची रांग संपत नाहीं. इ. स. १९८९ त सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें साउंड ब्लास्टर नांवाचें कार्ड आणलें आणि घरगुती संगणकाला खरा आवाज फुटला. अशा कार्डासाठीं सामान्यतः दोन हौद ठेवतात. एक रिकामा होत असतां दुसरा भरावयाचा. एक संपला कीं कार्ड घंटा वाजवितें. या घंटेला इंटरप्ट म्हणतात. त्या काळीं घंटेच्या दोऱ्या मोजक्या होत्या. साउंड ब्लास्टरच्या आरंभींच्या कार्डांना नेमून दिलेली ७ क्रमांकाची दोरी आणि छापण्याच्या यंत्राची दोरी एकच असे, आणि त्यामुळें दोघांची भांडणें लागत. दोऱ्यांची ती टंचाई पुढें राहिली नाहीं, पण कारकुनाची धांवपळ राहिली.

घंटा वाजूनहि कारकून वेळेवर आला नाहीं म्हणजे तीन प्रकार संभवतात. हौद कोरडा पडला तर आवाजांत शांततेची फट पडते. लाट मधेंच तोडली जाऊन भलतीकडून सुरू झाली तर कट्‌ असा आवाज होतो. आणि कार्डानें रिकाम्या हौदाऐवजीं मागलेंच शिळें पाणी पुन्हां सोडलें तर आवाज तोतरा होतो. आम्हीं पहिल्या दिवशीं ऐकलेले तिन्ही दोष हेच होते. पण तेव्हां आम्हांला हें ज्ञान नव्हतें. हौद किती मोठा असतो म्हणाल, तर ५१२ मोजमापांचा हौद सेकंदाला ४४,१०० च्या हिशेबानें अवघ्या साडेअकरा सहस्रांश सेकंदांत आटतो. ४,०९६ मोजमापांचा असला तर सुमारें ९३ सहस्रांश सेकंद पुरतो. मग हौद मोठाच कां ठेवूं नये? कारण हौद जितका मोठा तितकें पाणी तोटीपर्यंत यावयास उशीर. दूरध्वनीवर बोलणाऱ्यांना किंवा संगणकावर वाद्य वाजविणाऱ्यांना तो उशीर सोसत नाहीं. आपल्यासारख्यांना मात्र झालेलें गाणें ऐकावयाचें असतें. तें पांव सेकंद उशिरा सुरू झालें तर आपलें कांहीं बिघडत नाहीं. म्हणून ज्या कार्यक्रमांत हौदाचें माप बदलण्याची सोय असते, तेथें निव्वळ ऐकणारानें तें वाढवून ठेवावें हें उत्तम.

हौदाचें माप तेंच असतांहि कारकुनाला उशीर व्हावयास अनेक कारणें होतात. चोरांचा शोध घेणारा कार्यक्रम नेमका त्याच वेळीं सारें कपाट तपासावयास घेतो. वीज वांचविण्यासाठीं यंत्र अर्धवट झोपलेलें असतें. आणि सर्वांत वाईट म्हणजे ड्रायव्हर. निरनिराळीं उपकरणें चालविणारे हे छोटे कार्यक्रम वाड्यांतल्या मानकऱ्यांसारखे असतात. ते रांगेंत उभे राहत नाहींत, आणि एकदां आंत शिरले कीं आपलें काम संपेपर्यंत कारकुनाला मान वर करूं देत नाहींत. ड्रायव्हर चांगला लिहिलेला असेल तर तो क्षणार्धांत निघून जातो. बेफिकिरीनें लिहिलेला असेल तर हौद आटेपर्यंत बोलत बसतो. इ. स. २००७ सालीं बाजारांत आलेल्या विंडोज व्हिस्टा या प्रणालींत ध्वनीच्या कार्यक्रमांना रांगेंत अग्रमान देण्याची खास व्यवस्था केली होती. तेव्हां उलटाच अनुभव आला. गाणें चालूं असतां एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाईली पाठविण्याची गति मंदावते, अशी ओरड झाली. एकाला मान दिला कीं दुसऱ्याची गैरसोय होते, हा राज्यकारभारांतला नियम यंत्रालाहि चुकला नाहीं.

इतकें समजल्यावर आम्हीं मोडी कागदाची कसोटी लावावयास बसलों. घड्याळ व पेन्सील घेऊन ती फाईल तीन वेळां ऐकली, आणि आवाज तुटल्याच्या वेळा टिपून ठेवल्या. पहिल्या खेपेला नऊ ठिकाणें, दुसऱ्या खेपेला अकरा, तिसऱ्या खेपेला सात. तिन्ही टिपणें शेजारी ठेवून पाहिलीं, तों एक ठिकाण सोडून कोणतीच दोन जुळेनात. त्या वेळीं आम्हांला किती हायसें वाटलें हें वाचकांनीं कल्पनेनेंच जाणावें. मग ती फाईल आमच्या कन्येच्या संगणकावर नेऊन लावली. तेथें तें एक ठिकाण वगळतां आवाज सरळ चालला. म्हणजे कागद शाबूत होता. आमचा वाचकच अडखळत होता.

पुढचें काम पायरीपायरीनें झालें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची आणि मग पुन्हां ऐकावयाचें, हा नियम आम्हीं कटाक्षानें पाळला. कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा हें कळत नाहीं. प्रथम बिनतारी कर्णयंत्र काढून तारेचें लावलें. ब्लूटूथच्या लहरी आणि घरांतील वाय-फायच्या लहरी पुष्कळदां एकाच पट्ट्यांत धांवतात, आणि त्या गर्दींत आवाज संगणकाबाहेर पडल्यावरहि तुटूं शकतो. तारेनेंहि आवाज तुटत राहिला, तेव्हां दोष आंतच आहे हें ठरलें. फाईल बाहेरच्या जोडचकतीवरून संगणकाच्या पोटांत उतरवली, फरक नाहीं. दुसरे सर्व कार्यक्रम बंद केले, फरक नाहीं. वीज वांचविण्याची योजना रद्द केली, थोडा फरक. शेवटीं संगणकाचें वाय-फाय बंद केलें, आणि वीसच्या वीस मिनिटें मातोश्रींचा आवाज अखंड चालला. हौद आटविणारा मानकरी हाती लागला. त्या उपकरणाचा नवा ड्रायव्हर बसवला, वाय-फाय पुन्हां सुरू केलें, आणि त्यानंतर तक्रार उरली नाहीं. पैसा एकहि लागला नाहीं. दोन संध्याकाळ मात्र गेल्या.

राहिलें तें एक ठिकाण. सातव्या मिनिटाला, एका ओवीच्या मध्यावर, आवाज दोन सेकंद थांबतो. तिन्ही टिपणांत तें होतें, कन्येच्या संगणकावरहि तें होतें. म्हणजे कसोटीप्रमाणें तें भोंक कागदालाच होतें. फीत तेथें खराब झाली असावी, अशी आम्हीं मनाची समजूत घातली होती. इतर अडथळे गेल्यावर तेवढाच भाग आम्हीं कानाला यंत्र लावून मोठ्या आवाजांत ऐकला. हौद आटला असता तर तेथें संपूर्ण शांतता असती. फितीवरचा थर गेला असता तर आवाजाबरोबर फितीची सळसळहि बुडाली असती. तेथें सळसळ चालूं होती, अगदीं आधींसारखी. आणि त्या सळसळींत, दुसऱ्या सेकंदाच्या अखेरीस, कोणीतरी श्वास आंत घेतल्याचा बारीक आवाज होता. यंत्र चालूं होतें, फीत चालूं होती. मातोश्रीच थांबल्या होत्या.

ती ओवी माहेरची आहे. त्या कां थांबल्या, शब्द आठवेना म्हणून, कीं आणखी कशानें, हें आतां सांगावयास कोणी नाहीं, आणि तर्क करण्याचा आम्हांला अधिकार नाहीं. त्या जाणकारानें विचारल्याप्रमाणें रिकाम्या जागा छाटूं दिल्या असत्या, तर ते दोन सेकंद कायमचे गेले असते, आणि ओवी अधिक सफाईची झाली असती. ती फाईल आतां आम्हीं जशीच्या तशी तीन निरनिराळ्या ठिकाणीं उतरवून ठेवली आहे, आणि बरोबर एका कागदावर लिहून ठेवलें आहे कीं, सातव्या मिनिटाची शांतता मूळची आहे, ती कोणीं दुरुस्त करूं नये.